ब्राउझर एक्स्टेन्शन डेबियन पॅकेजमधून देताना: कशानंतर काय, आणि कुठे चुकतं

पॅकेज बिनतक्रार तयार होतं, एपीटी (डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजं बसवणारं साधन) ते बसवतं, आणि फायरफॉक्स उघडला की एक्स्टेन्शन कुठेच दिसत नाही. एरर नाही, सूचना नाही. अशा वेळी बहुतेक जण डेबियन फोल्डरातल्या (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या) फाइली पुन्हा पुन्हा चाळत बसतात. चूक तिथे क्वचितच असते. ती त्याआधीच्या तीन गोष्टींत असते: ब्राउझर कोणता आहे, एक्स्टेन्शनचा आयडी काय आहे, आणि सोर्स कुठून घेतला आहे. म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो आणि डेबियन फोल्डर मुद्दाम चौथ्या टप्प्यावर येतं.

इथे डेबियन आणि त्यातला फायरफॉक्स ईएसआर (साधारण वर्षभर एकाच आवृत्तीवर राहून फक्त दुरुस्त्या घेणारा फायरफॉक्स) धरला आहे. क्रोमियमबद्दल पुढे थोडं आहे. फाइली, आज्ञा आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. उदाहरणापुरतं 'शब्दखूण' नावाचं छोटं एक्स्टेन्शन धरू: पानावरचा मराठी शब्द निवडला की त्याचा अर्थ दाखवणारं.

## सुरू करण्याआधी: पॅकेजच हवं आहे का?

शाळेच्या लॅबमधल्या वीस संगणकांवर एखादं तयार एक्स्टेन्शन बसवायचं आहे, एवढीच गरज असेल तर पॅकेजच्या वाटेला जाऊ नका. फायरफॉक्सची पॉलिसीज डॉट जेसन फाइल वापरा. त्यात एक्स्टेन्शन-सेटिंग्जखाली आयडी, डाउनलोडचा पत्ता आणि 'फोर्स-इन्स्टॉल्ड' ही पद्धत लिहिली की काम झालं. फाइल खरोखर वाचली गेली का, ते अबाउट:पॉलिसीज या पानावर दिसतं.

उबुंटूवर तर पॅकेजचा आग्रह सोडाच. २२.०४ पासून तिथलं एपीटीमधलं फायरफॉक्स पॅकेज फक्त स्नॅपकडे (उबुंटूच्या, स्वतःच्या कप्प्यात राहून चालणाऱ्या पॅकेजपद्धतीकडे) बोट दाखवतं. स्नॅपमधल्या फायरफॉक्सला तुमच्या मशीनचं /यूएसआर/शेअर/मोझिला दिसतच नाही; त्याला स्वतःच्या स्नॅपमधलं यूएसआर दिसतं. तुमचं पॅकेज तिथे व्यवस्थित बसेल आणि निरुपयोगी राहील.

तिसरी अडचण वेळापत्रकाची. डेबियन स्टेबल, म्हणजे पक्की केलेली आवृत्ती, साधारण दोन वर्षांनी येतं: बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. एखाद्या साइटची मांडणी बदलली की दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करावं लागतं, अशा एक्स्टेन्शनला स्टेबलमध्ये ठेवणं म्हणजे वापरणाऱ्याच्या गळ्यात तुटलेली वस्तू बांधणं.

पॅकेज शोभतं ते वेगळ्या ठिकाणी. सोर्स खुला आहे, बदल सावकाश होतात, मशीनवर इंटरनेट नाही किंवा फक्त स्थानिक मिररच (पॅकेजांच्या साठ्याची जवळची प्रत) आहे, आणि बाकी सगळी सिस्टिम ज्या विश्वासाने एपीटीवर चालते त्याच विश्वासाने हेही यावं अशी इच्छा आहे. 'शब्दखूण' यात बसतं, कारण त्याचा कोश एक्स्टेन्शनच्या आतच आहे.

## १. ब्राउझर तुमचं ऐकणार आहे का, ते बघा

मोझिलाने फायरफॉक्स ४८ पासून नेहमीच्या आवृत्तीत सही नसलेली एक्स्टेन्शन्स बंद केली. मार्च २०२० मध्ये आलेल्या ७४ पासून बाहेरच्या फोल्डरातून एक्स्टेन्शन उचलणंही बंद झालं. ईएसआर आणि वितरणांनी स्वतः बांधलेले फायरफॉक्स यांना मात्र मोकळीक आहे. मोझिलाच्या साइटवरून उतरवलेला नेहमीचा फायरफॉक्स डेबियनवर चालवलात तरी तो तुमच्या पॅकेजकडे ढुंकूनही पाहणार नाही. 'माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

तपासा: अबाउट:बिल्डकॉन्फिग उघडा. तिथे 'अलाउ-अ‍ॅडऑन-साइडलोड' आणि 'विथ-अनसाइन्ड-अ‍ॅडऑन-स्कोप्स = अ‍ॅप, सिस्टिम' हे दोन पर्याय दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर पुढे जाऊ नका, आधी ब्राउझर बदला.

आता अबाउट:कॉन्फिगमध्ये 'एक्स्टेन्शन्स डॉट ऑटोडिसेबलस्कोप्स' शोधा. हा आकडा म्हणजे एक बेरीज आहे. प्रोफाइलचा (ब्राउझरमधली तुमची सेटिंग्ज ज्यात राहतात त्या फोल्डराचा) १, वापरणाऱ्याच्या खात्याचा २, फायरफॉक्सच्या स्वतःच्या फोल्डराचा ४, आणि सगळ्या सिस्टिमसाठी असलेल्या फोल्डराचा ८. बेरजेत ज्याचा आकडा आहे, त्या जागेतून आलेलं एक्स्टेन्शन आधी बंद अवस्थेत येतं आणि वापरणाऱ्याने परवानगी दिल्यावरच सुरू होतं. मोझिलाचा मूळ आकडा १५, म्हणजे सगळंच बंद. डेबियनमध्ये तो ३ आहे: १ आणि २ बंद, ४ आणि ८ मोकळे. आर्च या दुसऱ्या लिनक्स वितरणात ११ आहे: १, २ आणि ८ बंद, फक्त ४ मोकळा. म्हणूनच आर्चमधली एक्स्टेन्शन्स फायरफॉक्सच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतात आणि डेबियनमधली सिस्टिमच्या सामायिक फोल्डरात. एका वितरणाची कृती दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली की ती या आकड्यापाशी अडते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फायरफॉक्सची मराठी भाषा बसवा: फायरफॉक्स-ईएसआर-एल१०एन-एमआर. भाषेचा हा संच तांत्रिकदृष्ट्या एक एक्स्टेन्शनच आहे. 'डीपीकेजी -एल' (एल कॅपिटल; डीपीकेजी म्हणजे एपीटी ज्याच्याकरवी पॅकेज बसवतं ते साधन) चालवून त्याच्या फाइली कुठे पडल्या ते पाहा. /यूएसआर/लिब/फायरफॉक्स-ईएसआर खालच्या एक्स्टेन्शन्स फोल्डरात 'लँगपॅक-एमआर' ने सुरू होणारी एक्सपीआय फाइल (एक्स्टेन्शनच्या सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा) दिसेल. ती ४ ची जागा. आपण ८ च्या जागेत जाणार आहोत.

## २. आयडी पक्का करा

एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या मॅनिफेस्ट डॉट जेसन फाइलीमध्ये 'ब्राउझर-स्पेसिफिक-सेटिंग्ज', त्यात 'गेको', त्यात 'आयडी'. हा आयडी ईमेलसारखा दिसणारा असतो किंवा महिरपी कंसांतला लांब क्रमांक असतो. सिस्टिम फोल्डरातल्या नोंदीचं नाव आणि हा आयडी अक्षरन् अक्षर सारखे हवेत. उघडं फोल्डर असेल तर नाव नुसता आयडी; एक्सपीआय फाइल असेल तर आयडीपुढे डॉट एक्सपीआय.

माझे यात दोन संध्याकाळी गेल्या आहेत. मॅनिफेस्टमध्ये आयडीचं पहिलं अक्षर मोठं होतं, डेबियन फोल्डरातल्या लिंक्स फाइलमध्ये (ती चौथ्या टप्प्यात येते) मी ते लहान लिहिलं होतं. फोल्डर जागेवर, परवानग्या बरोबर, फाइली शाबूत, आणि अ‍ॅड-ऑनच्या यादीत काहीच नाही. शेवटी कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून ब्राउझर कन्सोल उघडला तेव्हा अपेक्षित आयडी एक आणि सापडलेला वेगळा, अशी ओळ तिथे पहिल्यापासून होती. तेव्हापासून आयडी हाताने टाइप करायचा नाही, मॅनिफेस्टमधूनच कॉपी करायचा, हा माझा नियम आहे.

सावधान: एकदा दिलेला आयडी पुन्हा बदलू नका. वापरणाऱ्याने साठवलेली सेटिंग्ज आयडीशी बांधलेली असतात; आयडी बदलला की ती मागे राहतात. 'शब्दखूण' मोझिलाच्या स्टोअरवरही ठेवणार असाल तर दोन्हीकडे एकच आयडी ठेवा.

याच वेळी 'स्ट्रिक्ट-मिन-व्हर्जन' वाचून घ्या. तिथे १४० असेल आणि तुमच्या वितरणात ईएसआर १२८ असेल तर एक्स्टेन्शन चालणार नाही.

## ३. सोर्स: एक्सपीआय नव्हे, मूळ टॅग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्यांदा पॅकेज करणारे बहुतेक जण स्टोअरवरून सही केलेली एक्सपीआय उतरवतात, उलगडतात आणि तिलाच सोर्स म्हणतात. ती बांधून झालेली वस्तू आहे. सोर्स म्हणजे मूळ लेखकाच्या रिपॉझिटरीतला (कोडच्या साठ्यातला) त्या आवृत्तीचा टॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण लावलेला कोड. एक्सपीआय उलगडून वापरलीच असेल तर तिच्यातलं मेटा-आयएनएफ फोल्डरही बरोबर येतं. एका फाइलीत एका अक्षराचा बदल केला तरी त्यातली सही खोटी पडते. ते फोल्डर पॅकेजमध्ये जाता कामा नये.

टॅग उतरवल्यावर एकेक फाइल उघडून बघा. नजर कशावर हवी:

- एका ओळीत दाबून बसवलेली जावास्क्रिप्ट. तिचं वाचता येणारं मूळ रूप सोबत नसेल तर डेबियन ती स्वीकारत नाही. लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) 'सोर्स-इज-मिसिंग' म्हणून सांगतो, पण त्याच्या सांगण्याची वाट बघू नका.
- वेबपॅकने (अनेक जावास्क्रिप्ट फाइली एकत्र करणाऱ्या साधनाने) बनवलेले गठ्ठे, वेबअसेंब्लीच्या (आधीच बांधून झालेल्या कोडच्या) फाइली, फॉन्ट. प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि मूळ वेगळं.
- बांधणीच्या वेळी एनपीएममधून (जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या ऑनलाइन साठ्यातून) काही उतरवणारी स्क्रिप्ट. डेबियनच्या बांधणीत नेटवर्क वापरायला मनाई आहे. लागणारी लायब्ररी डेबियनमध्ये पॅकेज म्हणून आहे का, हे आजच शोधा. नसेल तर तुमचं काम एका पॅकेजवरून चारवर गेलं आहे, आणि हे आठवडाभर खपल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

नको असलेल्या फाइली कॉपीराइट फाइलीतल्या 'फाइल्स-एक्स्क्लूडेड' या रकान्यात लिहा. यूस्कॅन (मूळ सोर्स उतरवून आणणारा प्रोग्रॅम) त्या वगळून सोर्सचा गठ्ठा नव्याने बांधतो. आवृत्तीपुढे '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमांचं लघुरूप) जोडा, म्हणजे हा गठ्ठा मूळचा नाही हे कळतं.

आता एक हमखास फसवणारी जागा. जेक्वेरीसारखी लायब्ररी डेबियनमध्ये आधीच आहे, मग तिची प्रत न ठेवता सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारी नुसती खूण) करावी, असं कोणीही चांगला मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) म्हणेल. इतर बहुतेक पॅकेजांत ते बरोबर आहे. पण फायरफॉक्स एक्स्टेन्शनच्या फोल्डराबाहेर नेणारी सिमलिंक वाचत नाही. सुरक्षेसाठी ती वाटच बंद केलेली आहे. (आख्खं फोल्डरच सिमलिंक असेल तर चालतं, आतली फाइल बाहेर जाणारी नको.) एक्स्टेन्शन यादीत दिसतं, बटण दिसतं, दाबलं की काहीच होत नाही. उपाय असा: बांधणीच्या वेळी डेबियनच्या लायब्ररीतली खरी फाइल कॉपी करून आत ठेवा. त्याची किंमतही लक्षात असू द्या. त्या लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली तर तुमचं पॅकेज पुन्हा बांधल्याशिवाय ती तुमच्याकडे येणार नाही.

## ४. डेबियन फोल्डर

आधीचे तीन टप्पे नीट झाले असतील तर हा भाग तासाभराचा आहे.

कंट्रोल: पॅकेजचं नाव 'वेबएक्स्ट-' ने सुरू करा: वेबएक्स्ट-शब्दखूण. आर्किटेक्चर 'ऑल', सेक्शन 'वेब', डेबहेल्पर-कॉम्पॅट १३. ब्राउझरला 'डिपेंड्स'मध्ये (ज्यांच्याशिवाय पॅकेज बसतच नाही त्या यादीत) टाकायचा मोह होतो. मी 'रेकमेंड्स'मध्ये (सोबत असावं, पण सक्ती नाही) फायरफॉक्स-ईएसआर किंवा फायरफॉक्स असा पर्याय देतो आणि 'एन्हान्सेस'मध्ये (हे पॅकेज ज्यांना जोड देतं त्या यादीत) दोन्ही लिहितो. एक्स्टेन्शनसाठी कोणावर ब्राउझर लादू नये.

इन्स्टॉल: मॅनिफेस्ट, स्क्रिप्ट, चित्रं /यूएसआर/शेअर/वेबएक्स्ट/शब्दखूण मध्ये. सगळ्यात जास्त विसरलं जाणारं फोल्डर म्हणजे अंडरस्कोरने सुरू होणारं 'लोकेल्स'. मॅनिफेस्टमध्ये 'डिफॉल्ट-लोकेल' लिहिलेलं आहे आणि हे फोल्डर नाही, असं झालं तर एक्स्टेन्शन चढतच नाही. चाचण्या, स्टोअरसाठीची चित्रं, गिटच्या फाइली बाहेर ठेवा.

लिंक्स: एकच ओळ. डावीकडे वरचा पाथ, उजवीकडे /यूएसआर/शेअर/मोझिला/एक्स्टेन्शन्स, त्याखाली महिरपी कंसांत फायरफॉक्सचा ठरलेला क्रमांक, त्याखाली तुमचा आयडी. तो क्रमांक ईसी८०३०एफ७ ने सुरू होतो आणि चांगला लांब आहे. हाताने लिहू नका. यूब्लॉक ओरिजिनचं डेबियन पॅकेज बसवा, डीपीकेजीने त्याच्या फाइलींची यादी काढा आणि तिथून उचला.

वॉच: मूळ रिपॉझिटरीतल्या टॅगवर नजर ठेवणारी फाइल. ती आत्ताच लिहा. नंतर राहून जाते.

सावधान: जुन्या आवृत्तीत सिस्टिम फोल्डरात खरं फोल्डर होतं आणि नव्या आवृत्तीत तिथे सिमलिंक आहे, असा बदल केला असेल तर डीपीकेजी तो आपणहून करत नाही. असलेलं फोल्डर काढून तिथे लिंक ठेवणं तो टाळतो. त्यासाठी पॅकेजच्या 'मेंटस्क्रिप्ट' फाइलीत 'डिर-टू-सिमलिंक' ची ओळ लागते. नव्या मशीनवर सगळं ठीक चालतं, मोडतं ते फक्त अपग्रेड करणाऱ्यांचं, म्हणून ही चूक महिनोन् महिने कळत नाही.

## ५. बांधा, मग या क्रमाने तपासा

बांधणी एसबिल्डने, स्वच्छ वातावरणात करा. आपल्या रोजच्या मशीनवर बांधलेलं पॅकेज तिथे आधीच पडून असलेल्या दहा गोष्टींचा आधार घेतं. मग लिंटियन चालवा. त्यानंतरचा क्रम मोडू नका:

१. पॅकेज बसवण्याआधी 'डीपीकेजी -सी' ने आतली यादी वाचा. लोकेल्स आहे का, मेटा-आयएनएफ नाही ना, लिंकचं दुसरं टोक बरोबर आहे का.

२. बसवा आणि नवं कोरं प्रोफाइल घेऊन फायरफॉक्स उघडा. ही पायरी गाळली तर बाकीच्या तपासण्यांना अर्थ उरत नाही. तुमच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये स्टोअरवरून घेतलेलं तेच एक्स्टेन्शन असेल तर फायरफॉक्स प्रोफाइलमधल्या प्रतीला आधी मान देतो. तुम्ही पॅकेज तपासतोय असं समजता आणि प्रत्यक्षात चालत असते ती स्टोअरची प्रत. अ‍ॅड-ऑनच्या यादीत आवृत्तीचा क्रमांक वाचून खात्री करा.

३. एक्स्टेन्शन सुरू आहे की बंद अवस्थेत आलं आहे? बंद असेल तर पहिल्या टप्प्यातला आकडा पुन्हा बघा.

४. प्रत्यक्ष वापरा. 'शब्दखूण' असेल तर मराठी पान उघडून 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्य' असलेले शब्द निवडून पाहा. मॅनिफेस्टची तिसरी आवृत्ती वापरत असाल तर पानं वाचायची परवानगी खरोखर मिळाली आहे का, तेही इथेच कळेल.

५. खासगी विंडो उघडा. तिथे ते चालणार नाही, आणि हा दोष नाही. फायरफॉक्स ६७ पासून खासगी विंडोत एक्स्टेन्शन वापरणाऱ्याने स्वतः परवानगी दिल्यावरच चालतं. रीडमी-डेबियनमध्ये हे एका ओळीत लिहून ठेवा, निम्म्या बग-रिपोर्टांची गरज उरत नाही.

६. आधीची आवृत्ती बसवून तिच्यावर नवी चढवा. ब्राउझर उघडा असताना चढवली तर तो बंद करून पुन्हा उघडा, मगच निष्कर्ष काढा.

७. पॅकेज काढा. यादीतून एक्स्टेन्शन जायला हवं आणि /यूएसआर/शेअर/मोझिला खाली तुमचं काही उरता कामा नये.

## क्रोमियम आणि क्रोम

रचना वेगळी आहे, वरचं काही इथे उतरवू नका. गूगल क्रोमसाठी /यूएसआर/शेअर/गूगल-क्रोम/एक्स्टेन्शन्स मध्ये एक जेसन फाइल ठेवायची. फाइलीचं नाव म्हणजे एक्स्टेन्शनचा आयडी: ३२ अक्षरं, तीही फक्त इंग्रजी ए ते पी यांतली. आत वेब स्टोअरचा अपडेट पत्ता, किंवा लिनक्सवर स्थानिक सीआरएक्स फाइलीचा (क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या गठ्ठ्याचा) पाथ आणि आवृत्ती. पत्ता दिलात तर पॅकेजमध्ये कोड नाहीच, फक्त बोट दाखवणं आहे. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये त्याचा उपयोग नाही. आणि मॅनिफेस्टची दुसरी आवृत्ती क्रोमने बंद केली आहे, तेव्हा जुनं एक्स्टेन्शन घेऊन इथे वेळ घालवू नका.

## ६. डेबियनमध्ये पाठवताना

पॅकेज करायच्या आधीच डब्ल्यूएनपीपीवर (काम हवं असलेल्या आणि नव्याने येणाऱ्या पॅकेजांच्या डेबियनच्या यादीवर) आयटीपी, म्हणजे 'हे मी करणार आहे' असा बग नोंदवा. दुसरं कोणी तेच करत असेल तर तिथे कळतं. मग मेंटर्सवर (नव्या मेंटेनरांनी पॅकेज दाखवायच्या डेबियनच्या साइटवर) चढवा आणि प्रायोजक, म्हणजे तुमच्या वतीने ते डेबियनमध्ये चढवणारा डेव्हलपर, शोधा. नवं पॅकेज 'न्यू' नावाच्या तपासणीच्या रांगेत थांबतं. तिथे एफटीपी-मास्टर (डेबियनचा पॅकेजसाठा सांभाळणारे) मुख्यतः कॉपीराइट फाइल वाचतात. तिसऱ्या टप्प्यात आळस केला असेल तर तो इथे परत समोर येतो.

रांगेतून सुटल्यावर काम संपलं असं वाटतं, पण एक चढवणं बाकी असतं. न्यूसाठी बांधलेलं पॅकेजही पाठवावं लागतं, आणि मेंटेनरने स्वतः बांधलेलं पॅकेज टेस्टिंगमध्ये (पुढचं स्टेबल जिथे घडतं तिथे) जात नाही. आवृत्ती एकाने वाढवून फक्त सोर्स पुन्हा चढवा. त्यानंतर नेहमीच्या तातडीने ५ दिवसांची वाट असते. पॅकेज महिनाभर अनस्टेबलमध्ये (नवी पॅकेजं आधी येतात तिथे) का अडकलंय, असं विचारणाऱ्यांनी आधी हे बघावं.

फक्त आपल्या संस्थेपुरतं द्यायचं असेल तर रेप्रेप्रो या साधनाने पॅकेजांची छोटी रिपॉझिटरी उभारा आणि तिची सही तपासणारी किल्ली एपीटीच्या कीरिंग्ज फोल्डरात ठेवून 'साइन्ड-बाय' ने त्याच रिपॉझिटरीला बांधा. ती सगळ्या सिस्टिमसाठी विश्वासार्ह ठरवू नका.

## ७. दर नव्या आवृत्तीला

स्टोअरवरून बसवलेल्या एक्स्टेन्शनने नवी परवानगी मागितली की फायरफॉक्स थांबतो आणि वापरणाऱ्याला विचारतो. पॅकेजमधून आलेल्या एक्स्टेन्शनला अशी अडवणूक होत नाही. एपीटी-अपग्रेड झालं, ब्राउझर पुन्हा उघडला, की काल फक्त एका साइटवर चालणारं एक्स्टेन्शन आज बँकेचं पानही वाचू शकतं. वापरणाऱ्याला विचारणारं कोणी मधे उरलेलं नाही. ते काम आता तुमचं आहे.

म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीला सगळ्यात आधी मॅनिफेस्टचा फरक काढा. 'परमिशन्स', 'होस्ट-परमिशन्स' आणि 'कंटेंट-स्क्रिप्ट्स' या तिन्ही ठिकाणच्या जुन्या-नव्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा. वाढलेली प्रत्येक परवानगी कोडमध्ये नेमकी कुठे वापरली आहे ते शोधा. सापडली नाही तर मूळ लेखकाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पॅकेज चढवू नका. सापडली आणि पटली, तर न्यूज डॉट डेबियन फाइलीत साध्या भाषेत लिहा की काय वाढलं आणि कशासाठी. बऱ्याच मशीनवर अपग्रेडच्या वेळी ही फाइल समोर येते.

दुसरी तारीख डायरीत टाकायची ती ईएसआर बदलण्याची. ११५, १२८, १४०: साधारण वर्षाने एक. डेबियन स्टेबलमध्येही सुरक्षेसाठी ब्राउझर पुढच्या ईएसआरवर नेतात, तुमचं एक्स्टेन्शन मात्र गोठलेलं राहतं. नवा ईएसआर अनस्टेबलमध्ये आला की त्याच आठवड्यात स्टेबलमधली तुमची आवृत्ती त्याच्यावर चालवून बघा. मोडत असेल तर स्टेबलच्या पुढच्या पॉइंट-रिलीजसाठी (दुरुस्त्यांच्या छोट्या आवृत्तीसाठी) दुरुस्ती पाठवायला तुमच्याकडे अजून वेळ असतो. हे करायला वेळ मिळणार नसेल तर डब्ल्यूएनपीपीवर पॅकेज 'ऑर्फन' (सांभाळणारं कोणी नसलेलं) म्हणून नोंदवा, म्हणजे दुसरं कोणी ते उचलू शकेल.